एका किकची गाडी

काचकाकांना आयुष्यात दोनच गोष्टींचा माज होता. एक उजवा हात आणि दुसरा उजवा पाय.

उजव्या हाताने ते काच कापायचे. हिऱ्याच्या टोकाची हिरकणी लावली की अशी सर्रकन ओढायचे की काचेला कळायच्या आत तिचे दोन तुकडे व्हायचे. आणि उजवा पाय होता किक मारायला.

"लोकांच्या गाड्यांना थंडपणी सुरू व्हायला चोक लागतो," काका दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे, मग ते गिऱ्हाईक आरसा घ्यायला आलेलं असो नाहीतर पत्ता विचारायला. "माझ्या गाडीला चोकच नाही. बनवणाऱ्याने ठेवलाच नाही. का? त्याला माहीत होतं, ही कुणाच्या पायाखाली जाणार आहे ते."

गाडी म्हणजे काळी, धिप्पाड मोटारसायकल, डाव्या अंगाला साइडकार जोडलेली. काकांचा सगळा धंदा त्या साइडकारवर चालला. काच ही उभीच न्यावी लागते. आडवी ठेवली की पहिल्याच खड्ड्यात तडा. म्हणून साइडकारमध्ये काकू बसायच्या. पायाशी जुनं ब्लँकेट, त्यात काच उभी, उजव्या हाताने ब्लँकेट सावरायचं आणि डाव्या हातात चामड्याचा मोजा घालून काचेची वरची कड धरायची. रस्त्याने निघाल्या की वाटायचं, एक खिडकीच फिरायला निघालीय आणि आत कुणीतरी बाई बसलीय.

समोरच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून ओरडायचा, "आली, आली, खिडकी आली! काकू, पडदे शिवून देऊ का?"

"आधी दिलेल्या कपड्यांना बटणं लाव!" काकू काचेआडून म्हणायच्या.

रोज सकाळचा कार्यक्रम ठरलेला. काकू बसणार, काच घेणार, ब्लँकेट सारखं करणार आणि म्हणणार, "हं, मारा." काका एकच किक मारणार. फट, फट, फट करत गाडी सुरू. मग काका शिंप्याकडे असे बघणार, जणू पोराला पहिला नंबर मिळालाय. काकू साइडकारच्या कडीला बांधलेल्या फडक्याला बोटं पुसणार, की निघाली वरात.

काकू माहेरी गेल्या की मात्र गाडी रुसायची. काकांच्या पोटऱ्या भरून यायच्या, पण गाडी ढिम्म. शिंपी म्हणायचा, "तिला काकूंचा लळा आहे हो. तुम्ही कोण? ड्रायव्हर." काका चिडायचे, हवेला शिव्या द्यायचे, आणि दुकानाला कुलूप लावून झोपायचे.

पुढे दिवस पालटले. मोठ्या काचा कारखान्यातूनच ट्रकमध्ये बसून थेट घरोघरी जायला लागल्या. काकांकडे उरल्या फोटोच्या चौकटी, आरसे, फुटलेल्या तावदानांची किरकोळ कामं. गाडी दुकानामागच्या शेडमध्ये गेली. "जरा सवड झाली की काढू" म्हणता म्हणता तिच्यावर ताडपत्री चढली, ताडपत्रीवर धूळ चढली, आणि धुळीवर मांजर झोपायला लागलं.

आणि मग जावई आले.

जावई माणूस चांगला. तीच तर पंचाईत. वाईट असते तर काकांना ओरडता आलं असतं. ते बाजाराच्या चौकात कॉफीचं दुकान काढत होते. एकदा जेवायला आलेले असताना हात धुऊन मागच्या दारातून आले आणि फार गोड आवाजात म्हणाले, "बाबा, शेडमध्ये ती जुनी गाडी पडून आहे ना? दुकानाच्या दारात छान दिसेल. जमिनीत बोल्ट मारून घट्ट बसवतो. आणि साइडकारमध्ये फुलांच्या कुंड्या."

काकांचा घास हातातच राहिला. "कुंड्या?"

"लाल फुलांच्या. काळ्या गाडीवर उठून दिसतील."

"जावईबापू, चालू गाडीची कुणी बाग करतं का?"

"चालू आहे?" जावई मनापासून चकित झाले. टोमणा नव्हता हो. पण तेच जास्त लागलं.

"चालू म्हणजे? एका किकची गाडी आहे ती! रविवारी तुमचं दुकान उघडतंय ना? मी आणि ही, त्याच गाडीवरून येतो. तुमच्या दरवाज्याची काच माझ्याकडेच आहे ना कापायला? तीही त्याच गाडीवरून आणतो. जशी पूर्वी आणायचो तशी."

"आणि नाही आली गाडी तर?" हे मुलीने विचारलं. मुलगी बापावर गेलेली, सोडते कशाला!

"नाही आली तर घेऊन जा. लावा तिच्यात फुलं, नाहीतर लावा वांगी!"

बोलून गेले. काकूंनी ताटातून मान वर करून नवऱ्याकडे बघितलं आणि चक्क हसल्या. बऱ्याच दिवसांनी त्या अशा हसल्या होत्या. काकांना वाटलं, आपल्या बाणेदारपणाला हसल्या.

दुसऱ्या दिवशी ताडपत्री निघाली. मांजर शिव्या देत निघून गेलं. काकांनी साइडकारवरचं पोतं उचललं आणि कपाळाला हात लावला. आत कांदे! अर्धी साइडकार कांद्यांनी भरलेली.

"अगं ए, हे काय?"

"कांदे," काकू दारातून म्हणाल्या. "कोरडी जागा आहे. छान राहतात."

"माझ्या साइडकारमध्ये?"

"कुंड्या नकोत आणि कांदे नकोत, मग तिच्यात ठेवायचं तरी काय?" असं म्हणून काकू आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या डोक्याला जुना रुमाल बांधून, तोच, गाडीवर बसताना बांधायच्या तो. हातात चामड्याचा मोजा होता. साइडकारजवळ येऊन उभ्या राहिल्या. "मग? कसं करायचं? मी येऊ ना?"

काका टाकीचं झाकण उघडून आत डोळा लावून बसले होते. न बघताच म्हणाले, "तू कशाला येतेस मधे? हात काळे होतील. तू आपली चहा टाक."

काकूंनी रुमाल सोडला, पोत्यात कांदे भरले आणि आत गेल्या. चहा आला खरा, पण कप असा ठेवला की बशीचा कान फुटला असता, बशीला असता तर.

काकांना वाटलं, कांद्यांचा राग आला.

गाडी दुरुस्त करायला काकांनी गल्लीच्या टोकावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याला सगळे भुंगा म्हणायचे, कारण काम करताना तो तोंडाने सारखा गुणगुणायचा. माणूस कामाला चोख होता, पण त्याचा जन्म गेला बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांत. ही गाडी बघून त्याने आधी तिला एक प्रदक्षिणा घातली.

"काका, ही गाडी आहे की बॉयलर?"

"गुमान काम कर."

टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं तर ते काकवीसारखं दाट झालेलं, आणि वास असा की शिंपी समोरून ओरडला, "कोण वारलं?" टाकीला आतून गंज होता. भुंग्याने मूठभर नट-बोल्ट टाकीत टाकले, थोडं रॉकेल ओतलं, आणि काका नि भुंगा दोघं दोन बाजूंनी टाकी धरून खुळखुळ्यासारखी हलवत बसले. किक तर खालीच जाईना. पिस्टन चिकटलेला. प्लग काढून त्या भोकातून तेल सोडलं आणि रात्रभर मुरू दिलं. सकाळी काकांनी किकवर सगळा देह टाकला तेव्हा आतून 'कर्रर्र' असा आवाज आला आणि किक खाली गेली.

"आली! शुद्धीवर आली!" काका नाचायचेच बाकी होते.

कार्ब्युरेटर खोलला. भुंग्याने त्याची बारीक बारीक भोकं तारेने साफ केली, फुंकून बघितली, सगळं पितळ चकचकीत करून परत बसवलं. ठिणगी पाडणारे पॉइंट काकांनी स्वतः घासले. काचेची कड मारायचा, म्हणजे घासून बोथट करायचा, बारीक पॉलिशपेपर होताच घरात. मग प्लग इंजिनाला टेकवून किक मारली, तर निळीशार ठिणगी. ती नीट दिसावी म्हणून भुंग्याने प्लग हातात धरला आणि पुढच्या किकला असा उडाला, की त्याचं गुणगुणणं एकदम वरच्या पट्टीत गेलं.

"ठिणगी आहे," तो हात झटकत म्हणाला. "चांगली आहे. मला पटलं."

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, इंजिन मोकळं आहे. आता काय राहिलं? किक.

काकांनी बाह्या सरसावल्या. शिंप्याकडे एक नजर टाकली. किक मारली.

काही नाही.

दुसरी. तिसरी. मग भुंग्याने मारल्या. मग शिंपी हातातली सुई टोपीला टोचून रस्ता ओलांडून आला आणि त्यानेही मारून घेतल्या. मग ढकलून बघायचं ठरलं. साइडकार लावलेली गाडी ढकलणं म्हणजे कपाट ढकलण्यासारखं. गल्लीच्या उतारावरून तिघांनी पळवली तेव्हा ती एकदाच 'फाट्ट' करून शिंकली. शिंपी खाली बसला, दोन कुत्री पळाली, आणि परत सगळं थंड.

"आज गारठा आहे," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही गारठाच होता. तिसऱ्या दिवशीही. जो येईल तो सल्ला देऊन जायचा. दूधवाला म्हणाला प्लग बदला. पोस्टमन म्हणाला टाकी फुल करा. शिंप्याचा मेहुणा गाड्यांच्या शोरूममध्ये पडदे लावायला गेला होता कधीतरी, त्यालाही बोलावून विचारलं. काका सगळ्यांचं ऐकत होते, सगळ्यांना चहा पाजत होते.

आणि घरात काकूंचा अबोला वाढत चालला होता.

"कांदे ठेव परत हवे तर," काका एकदा जेवताना म्हणाले. "शेडच्या कोपऱ्यात टोपली देतो."

"मला काय करायचंय कांद्यांचं."

"मग झालं काय तुला?"

"सगळ्या गावाला विचारताय. पोस्टमनला विचारताय. विचारा."

"अगं, त्याच्या काकाकडे होती अशी गाडी..."

"मग त्याच्या काकाला बोलवा आणि बसवा साइडकारमध्ये," काकू म्हणाल्या आणि भाजीचं पातेलं उचलून घेऊन गेल्या. काकांनी अजून भाजी वाढून घेतलेली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी भुंग्याने हत्यारांच्या पेटीत पाने भरले. गुणगुणणं बंद होतं. "काका, सगळं बरोबर आहे. काही चुकीचं असतं तर दुरुस्त केलं असतं. सगळंच बरोबर असल्यावर मी काय करू?"

तो गेल्यावर काका शेडमध्ये एकटेच बसले. उजव्या पायाला तेल चोळत होते. गाडी गेली तरी उपाशी थोडेच मरणार होते! पण चौकातून जाताना रोज ती दिसणार. जमिनीला बोल्टने ठोकलेली. लोक कॉफी पिताना तिच्या सीटवर पिशव्या ठेवणार. आणि ज्या जागेवर ही आयुष्यभर काच धरून बसली, त्या जागेवर कुंडी. काकांना ते चित्र डोळ्यांपुढून हलवता येईना. आणखी एक गोष्ट टोचत होती, ती त्यांनी स्वतःलाही धड सांगितली नाही: पाय गेला. किकच गेली आपली. आता उरला नुसता हात.

त्यांनी साइडकारमध्ये डोकावून पाहिलं. सीट पुसलेली होती. कांद्याचं एक सालही नव्हतं. आणि कडीला स्वच्छ धुतलेलं फडकं बांधलेलं.

रविवारी सकाळी जावई टेम्पो घेऊन हजर. सोबत दोन हमाल, दोर आणि एक फळी. टेम्पोत मागे आधीच लाल फुलांच्या कुंड्या रचलेल्या होत्या. जावयांनी त्या ताडपत्रीने झाकायचा प्रयत्न केला होता बिचाऱ्यांनी, पण फुलं ती, डोकावणारच.

"बाबा, तुमची इच्छा नसेल तर राहू दे," जावई म्हणाले. "खरंच."

"शब्द म्हणजे शब्द," काका म्हणाले. "न्या."

हमालांनी गाडी शेडमधून ओढून रस्त्यावर आणली, फळी टेम्पोला लावली. शिंपी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. भुंगा आला.

हमाल दोर बांधायला वाकला तेव्हा काका म्हणाले, "जरा थांब रे." आणि घराकडे वळून हाक मारली, "अगं... जरा बाहेर ये."

काकू दारात आल्या. ओठ घट्ट.

"बस की एकदा," काका म्हणाले. "सुरू नाही होणार, माहितीय मला. पण जायच्या आधी एकदा बस. कुंडीच्या आधी तू बसलेली बघू दे."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "आत्ता आठवण झाली होय माझी? टेम्पो दारात आल्यावर?"

"बस गं."

काकू आत गेल्या. काकांना वाटलं, गेल्याच. पण बाहेर आल्या त्या डोक्याला रुमाल बांधून, हातात मोजा घालून. साइडकारमध्ये बसल्या, ब्लँकेट पायाशी पसरलं आणि हात पुढे केला. "काच द्या."

"आता काच कशाला?"

"जावयाच्या दाराची काच द्यायची आहे ना आज? का ती पोस्टमन नेणार आहे? रिकाम्या हातांनी बसायची सवय नाही मला."

काकांनी दुकानातून काच आणली. स्वतःच्या हाताने कापलेली, कडा मारलेली. काकूंनी ती ब्लँकेटमध्ये उभी केली, वरची कड धरली, खाली जरा चुळबुळ केली आणि म्हणाल्या, "हं, मारा."

काका कसनुसं हसले. पाय टाकला. सवयीने, कसलीही आशा न ठेवता, आपली एक किक मारली.

फट. फट, फट, फट, फट!

हमालाच्या हातातून दोर पडला. धुराचा एक काळा ढग कुंड्यांवरून गेला. शिंपी पायरीवरच ओरडला, "अरे बाप रे!" भुंगा दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहिला. आणि काका! काकांची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण शिंप्याकडे परत जायचीच वेळ.

"बघितलं?" ते इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून गरजले. "एक किक! पाय बघा, पाय!"

काकू शांतपणे फडक्याला बोट पुसत होत्या. "मग? मी नसताना कशी सुरू होईल? पिन कोण दाबणार?"

"कुठली पिन?"

आता काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कुठली पिन म्हणजे? ही." त्यांनी काचेमागून उजवा हात बाहेर काढून खाली कार्ब्युरेटरकडे दाखवलं. साइडकारच्या अंगाला, बसलेल्या माणसाच्या अगदी हाताशी, एक हरभऱ्याएवढी पितळी पिन. "गाडी थंड असली की ही दाबून धरायची. बोटाला गार पेट्रोल लागलं की सोडायची. मग तुम्ही किक मारायची."

"कोण म्हणालं?"

"ज्याच्याकडून गाडी घेतली तो म्हातारा. मी आत बसून बघत होते, तुम्ही टायरांना लाथा मारत होतात. त्याने मला सांगितलं, बाई, हे तुमचं काम. मी केलं. रोज केलं." काकूंनी काचेआडून मान पुढे काढली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

काकांनी वाकून पलीकडे बघितलं. मधे ब्लँकेट, वर काच. इतकी वर्षं त्यांना त्या बाजूचं बोट दिसलंच नव्हतं.

"मला वाटलं, तुम्हाला माहितीय," काकू म्हणाल्या. "तुमचा पाय, माझं बोट. म्हणून तर त्या दिवशी रुमाल बांधून आले. तुम्ही म्हणालात, तू कशाला. पोस्टमनला विचारलंत, पण मला नाही. वाईट वाटणार नाही का माणसाला?"

भुंगा वाकून पिन बघत होता. "मी हिला चकचकीत केली हो! वाटलं, हवा जायला असेल."

"आणि तुम्ही माहेरी जायचात तेव्हा..." शिंपी बोलायला लागला आणि एकदम सगळा हिशेब लागून पायरीवर बसून हसायला लागला. "काचकाका! चोक नव्हता म्हणे गाडीला! चोक शेजारी बसलेला होता!"

गल्ली हसली. हमाल हसले. जावई तोंड फिरवून कुंड्या मोजायला लागले. काकांचा चेहरा लाल झाला, मग त्याहून लाल झाला. हँडल घट्ट धरून ते काचेपलीकडच्या बायकोकडे बघत राहिले. ती हसत नव्हती. ती वाट बघत होती, ताडपत्री निघाली त्या दिवसापासून बघत होती तशी.

"जावईबापू," काका शेवटी म्हणाले, "कुंड्या जपून न्या. दुकानाच्या पायरीवर ठेवा. आम्ही काच घेऊन येतो."

"हो, बाबा."

गाडी गल्लीतून निघाली. फिरायला निघालेली खिडकी आणि तिच्यात बसलेली बाई. चौकात लोक बाजूला होऊन बघत होते. काच शाबूत पोचली, दाराला बसली, कॉफी झाली, चार माणसांनी गाडीचे फोटो काढले. काका फारसं बोलत नव्हते. मुलीला वाटलं, बाबा दमले.

निघायची वेळ झाली तेव्हा गाडी पुन्हा गार पडली होती, आणि बघायला पाव चौक जमला होता. कुणीतरी म्हणालं, "काका, ऐकलंय एका किकची गाडी आहे. दाखवा की!"

काकांनी पाय किकवर ठेवला. मारला नाही. सगळ्यांसमोर डावीकडे वाकले आणि मोठ्याने विचारलं, "अगं, दाबलीस का?"

"थांबा जरा." काकूंनी सावकाश, सगळ्यांना दिसेल असं, बोट खाली नेलं. "हं. गार लागलं. मारा."

एका किकमध्ये सुरू झाली. काकू फडक्याकडे हात नेत होत्या, तर काकांनी खिशातला आपला इस्त्रीचा रुमाल काढून पुढे केला.

"याला पेट्रोलचा वास लागेल," काकू म्हणाल्या.

"लागू दे. आणि कांद्यांसाठी दुसरी जागा बघ. उद्यापासून आपण काचा न्यायच्या."